पावशा आणि नदीचा पट : मुलांना हवामानबदल शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या शाळांमध्ये आम्ही काही शिक्षक मिळून हा खेळ मांडतो. खेळ संपला की व्हरांड्यात चहा पिताना आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथं एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तर तिथं त्याचा क्रमांक दिला आहे.

१. पावशा कोण, आणि खेळ नेमका काय आहे?

रोहिणी-मृगाच्या सुमाराला "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" असं रानभर ओरडणारा पक्षी म्हणजे पावशा. आमचा पावशा हा हातात घालायचा बाहुला आहे. जुन्या राखाडी स्वेटरचं अंग, पोटावर फिकट पट्टे, डोळ्याभोवती पिवळ्या लोकरीचं कडं. पहिल्या वर्षी आम्ही अंगात घालायचा फोमचा मोठा पोशाख शिवला होता. एप्रिलच्या उन्हात तो घालून उभं राहणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला अर्ध्या तासात चक्कर आली, तेव्हा तो कायमचा बाजूला ठेवला. बाहुला बरा, मुलांनाही तो हातात घालता येतो.

पावशाचा एकच नियम आहे, तो उत्तर देत नाही. "हे तू मोजलंस का?", "आज्जीला विचारलंस का?", "परत एकदा खेळून बघूया?" एवढंच तो विचारतो. सुरुवातीला आमचा पावशा सगळं समजावून सांगायचा. मुलं टाळ्या वाजवायची आणि शेवटी "झाडे लावा, झाडे जगवा" म्हणून घरी जायची. का लावा, ते एकालाही सांगता यायचं नाही. पावशा गप्प झाला तेव्हा मुलं बोलायला लागली.

खेळ दोन आहेत. मैदानावरची कार्बन-शिवाशिवी (प्रश्न ५) आणि साडीवर रंगवलेला नदीचा पट (प्रश्न ७).

२. कितवीच्या मुलांना घ्यावं? वेळ किती लागतो?

तिसरीपासून आठवीपर्यंत. तिसरी-चौथीला फक्त शिवाशिवी आणि पर्जन्यमापक (प्रश्न ८) पुरे. पट पाचवीपासून. शिवाशिवीला एक तास, पटाला सलग दोन तास. पट दोन दिवसांत विभागू नका, पहिल्या फेरीचे आकडे डोक्यात ताजे असतानाच दुसरी फेरी झाली पाहिजे.

३. "आज हवामान ढगाळ आहे" असं आपण रोज म्हणतो. मग हवामानबदल म्हणजे रोजचाच बदल ना?

हा गोंधळ आपल्या बोलण्यातून येतो, मुलांचा त्यात दोष नाही. भूगोलाच्या पुस्तकात फरक स्वच्छ आहे. आज, आत्ता, इथं जे आहे ती हवा. एखाद्या प्रदेशातली बऱ्याच वर्षांची सरासरी स्थिती म्हणजे हवामान, आणि त्यासाठी साधारण तीस वर्षांच्या नोंदी धरतात. बोलताना आपण दोन्हीला हवामानच म्हणतो.

मुलांना आम्ही क्रिकेटवरून सांगतो. एखादा फलंदाज आज शून्यावर बाद झाला, ही झाली हवा. त्याची कारकिर्दीतली सरासरी म्हणजे हवामान. एका शून्यानं सरासरी कळत नाही, तसंच एका उकाड्याच्या दिवसानं हवामान बदलल्याचं सिद्ध होत नाही. डिसेंबरात दोन दिवस हुडहुडी भरली म्हणून तापमानवाढ खोटीही ठरत नाही. हा फरक पक्का झाल्याशिवाय पुढं जाऊ नका. प्रश्न ९ आणि १४ यांचं उत्तर यावरच उभं आहे.

४. हवेत कार्बन डायऑक्साइड इतका थोडा असतो, त्यानं काय फरक पडणार?

हा प्रश्न मुलांपेक्षा शिक्षकच जास्त विचारतात, आणि प्रश्न चांगला आहे. सुमारे तीनशे ग्रॅम ज्वारी परातीत पसरा. त्यात अंदाजे दहा हजार दाणे असतात. त्यात मसुरीचे चार दाणे टाका. हवेच्या दर दहा हजार कणांमागं कार्बन डायऑक्साइडचे आज साधारण इतकेच, चारपेक्षा किंचित जास्त. कारखानदारी सुरू होण्याआधी ते तीनपेक्षाही थोडे कमी होते. मोजमापाच्या भाषेत दहा लाखांत २८० होते, आता ४२० च्या वर गेलेत.

मुलं परातीत मसूर शोधतात, सापडत नाही, आणि हसतात. "इतकुसं?" मग पावशा विचारतो, "ज्वारीचे दाणे उष्णता अडवतात का?" ज्वारी म्हणजे इथं नायट्रोजन आणि ऑक्सिजन. जमिनीवरून वर जाणाऱ्या उष्णतेला हे दोन वायू अडवत नाहीत, ती त्यांच्यातून आरपार जाते. अडवणारे कण मूठभरच आहेत. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि आणखी काही. अडवणारेच मोजके असतील तर त्यांच्यातल्या कार्बन डायऑक्साइडची दीडपट वाढ ही मोठीच वाढ.

अडवणं मुळात वाईट नाही, हेही इथंच सांगून टाका. हे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याखाली १८ अंशांच्या आसपास असतं. आपण आहोत ते त्यांच्यामुळंच.

५. कार्बन-शिवाशिवी कशी खेळायची?

मैदानावर फक्कीनं दोन वर्तुळं आखा, एकात एक. आतलं म्हणजे जमीन, बाहेरच्याच्या पलीकडं अंतराळ, मधला पट्टा म्हणजे वातावरण. वीस-पंचवीस मुलं घ्या. त्यातली चार कार्बन होऊन मधल्या पट्ट्यात उभी राहतात, बाकीची ऊन होऊन बाहेरून आत धावतात. ऊन आत येताना कार्बनला शिवायची परवानगी नाही, सूर्यप्रकाश सहज आत येतो. जमिनीला पाय लागला की मुलानं एक हात वर करायचा. आता ते उष्णता झालं, आणि त्याला बाहेर पडायचंय. या वेळी कार्बन शिवू शकतो. शिवलं गेलेल्यानं डोळे मिटून एक गिरकी घ्यायची आणि तोंड ज्या दिशेला येईल तिकडं चालायचं. कधी बाहेर, कधी परत जमिनीकडं.

दोन मिनिटांनी शिट्टी. आत किती उरले ते मुलांनीच मोजायचं आणि फळ्यावर लिहायचं. दुसऱ्या फेरीत कार्बन चाराऐवजी सहा. चाराचे सहा म्हणजे दीडपट, २८० चे ४२० झाले तशीच वाढ. परत मोजा. निदान तीन-तीन फेऱ्या घ्या, कारण एखाद्या फेरीत उलटंही होतं, आणि ते उलटं झालेलं लपवू नका.

या खेळात कुणी बाद होत नाही. गिरकीचा नियम नीट पाळून घ्या. बरीच पुस्तकं कार्बन उष्णता "पकडून ठेवतो" म्हणतात. खरं तर तो ती शोषतो आणि पुन्हा सगळ्या दिशांना सोडतो. गिरकी घेताना मुलाच्या अंगात हे मुरतं.

६. सोडा आणि व्हिनेगर घालून दोन बाटल्यांचा प्रयोग करून दाखवू का?

आम्ही करत नाही. एका बाटलीत साधी हवा, दुसरीत कार्बन डायऑक्साइड, दोन्ही उन्हात ठेवून तापमान बघायचं, हा प्रयोग फार लोकप्रिय आहे. पण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, बाटलीत तो वेगळ्या रीतीनं हलतो, आणि दिसणारा फरक बऱ्याच अंशी त्यामुळं येतो. निष्कर्ष खरा पण पुरावा चुकीचा, असं शिकवलं तर पुढं एखादं हुशार पोर ते उघडं पाडेल आणि मग सगळ्यावरचाच विश्वास गमावेल.

त्याऐवजी गोष्ट सांगा. १८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापल्याची नोंद केली. हा वायू हवेत वाढला तर पृथ्वी तापेल, असं त्यांनी तेव्हाच लिहिलं. त्यांच्या नळ्यांनाही वरच्याच मर्यादा होत्या. तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी अदृश्य उष्णताकिरण वायूंमध्ये कसे शोषले जातात ते उपकरणांनी मोजायला सुरुवात केली. आपल्याकडच्या अ‍ॅना मणींचीही गोष्ट सांगा. हवामान मोजण्याची उपकरणं देशातच घडावीत म्हणून त्यांनी पुण्यात भारतीय हवामान खात्यात काम केलं. विशेषतः मुलींना ती ऐकवा.

७. नदीचा पट कसा तयार करायचा आणि नियम काय?

एक जुनी निळी सुती साडी घ्या. साडेपाच मीटरची साडी ही आयती कृष्णा नदीच आहे, काठसुद्धा दोन्ही बाजूंना आहेतच. एका टोकाला महाबळेश्वर, मग धोम, संगम माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली, हरिपूर आणि पदराशी नृसिंहवाडी. माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना, हरिपूरला वारणा, वाडीला पंचगंगा, अशा जुन्या ओढण्या जोडून उपनद्या करा. काड्यापेट्यांची घरं मुलांनी हवी तिथं ठेवायची.

धरण म्हणजे एक ताट. पाणी म्हणजे बाटलीची झाकणं, आणि ताटात ती दहा मावतात असं ठरवायचं. कोयना धरण भरलं म्हणजे सुमारे १०५ टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे २८०० कोटी लिटरांहून जास्त पाणी, हे आधी सांगितलं की झाकणाला वजन येतं. प्रत्येक पाळीला पिण्याला आणि शेतीला मिळून दोन झाकणं द्यावीच लागतात. फासा टाकण्याआधी संघानं ठरवायचं, आणखी पाणी सोडायचं की साठवायचं.

फासा पुठ्ठ्याचा. पहिल्या फाशावर कोरडा एकदा, हलका दोनदा, मध्यम दोनदा, अतिवृष्टी एकदा. कोरड्याला काही नाही, हलक्याला एक झाकण, मध्यमला तीन, अतिवृष्टीला सहा. दहाच्या वर गेलेलं प्रत्येक झाकण साडीवरून खाली वाहतं आणि काठावरचं एक घर बुडवतं. ताट रिकामं पडलं तर टँकर.

बारा पाळ्या झाल्या की पावशा फासा बदलतो. नव्या फाशावर कोरडा दोनदा, हलका एकदा, मध्यम एकदा, अतिवृष्टी दोनदा. परत बारा पाळ्या.

आता मुलांना दोन्ही फाशांच्या सहा बाजूंची बेरीज करायला सांगा. पहिल्याची १४, दुसऱ्याची १६. पाऊस फारसा वाढलेला नाही, पण टँकरही वाढले आणि बुडालेली घरंही. जतकडच्या एका शाळेत पाचवीतली एक मुलगी झाकणं दोनदा मोजून म्हणाली, "बाई, पाणी तेवढंच आहे ओ, पण वेळेवर येईना झालंय." आम्ही तासभर बोलून जे सांगितलं नसतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं.

दुसरा फासा मुद्दाम ठळक केला आहे, हे मात्र मुलांना सांगा. खऱ्या पावसाचा फासा इतका सरळ बदललेला नाही.

८. साताऱ्यात महाबळेश्वरला धो धो आणि माणमध्ये दुष्काळ. मुलं विचारतात, हाच हवामानबदल का?

नाही. हा डोंगराचा हिशेब आहे आणि फार जुना आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढतात, थंड होतात आणि माथ्यावर रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीकडं पाचशेच्या आसपास. जत-आटपाडीचं तेच. पर्जन्यछाया हा शब्द मुलांनी पाठ केलेला असतो, पण पटावर साडीशेजारी उशा रचून सह्याद्री केला की तो दिसतो.

याला जोडून शाळेत पर्जन्यमापक ठेवा. सपाट तळाची, सरळ बाजूंची काचेची बरणी, बाहेरून चिकटवलेली पट्टी, भिंत आणि झाडापासून लांब. नोंद रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याचीही तीच वेळ. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर दहा मिलिमीटर पडला की हजार लिटर. हे गणित मुलं घरी जाऊन स्वतःच्या पत्र्यालाही लावतात.

९. २०१९ चा महापूर हवामानबदलामुळं आला, असं सांगायचं का?

इतक्या सरळ शब्दांत नको. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका. त्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. त्यामागं पाणलोटात थोड्या दिवसांत कोसळलेला पाऊस होता, भरत आलेली धरणं होती, पूररेषेच्या आतली बांधकामं होती. एकच कारण सांगितलं की बाकीची सुटून जातात.

पाऊस स्वतः कसा बदलतोय, एवढं मात्र ठामपणे सांगा. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते, म्हणजे कोसळतो तेव्हा जास्त कोसळायची शक्यता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. पटाच्या भाषेत, फासा बदललाय. अमुक एक डाव त्यामुळंच हरलो, असं मात्र म्हणता येत नाही.

१०. पूर बघितलेली मुलं या खेळानं घाबरत नाहीत का?

घाबरू शकतात. नदीकाठच्या एका शाळेत सगळ्यांनी काड्यापेट्या साडीच्या काठावर मांडल्या. एका मुलानं आपली पेटी उचलून साडीपासून दूर, फरशीवर, भिंतीशी नेऊन ठेवली. "इथं पाणी येत नाही," एवढंच म्हणाला आणि तिथंच पेटीवर हात ठेवून बसला. आम्ही त्याला परत बोलावलं नाही. पुढच्या पाळीला दोन मुलींनी आपली घरं उचलून त्याच्या शेजारी नेली.

तेव्हापासून पूर आलेल्या गावात आम्ही काही गोष्टी पाळतो. पुराबद्दल पहिल्या दिवशी आपणहून विचारायचं नाही. घर हलवायची मुभा कायम. बुडालेलं घर पुढच्या पाळीत परत उभं करता येतं. खेळ संपण्याआधी प्रत्येक संघानं एक तयारी ठरवायची. कागदपत्रं कशात ठेवायची, जनावरं कुठं न्यायची, हवामान खात्याचा पिवळा, नारंगी आणि लाल इशारा म्हणजे काय. मूल गप्प झालं तर पावशा त्याच्या हातात द्या. पुष्कळ मुलं स्वतः बोलत नाहीत, पण पावशाच्या तोंडून बोलतात.

११. पावशा ओरडला की पाऊस येतो, हे खरं का?

उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत त्याचा विणीचा हंगाम, म्हणून तो ओरडतो. दोन्ही गोष्टी एकाच सुमाराला घडतात, एकीमुळं दुसरी घडत नाही. तरीही "पेर्ते व्हा" ऐकणारा शेतकरी भोळा होता असं मुलांना वाटू देऊ नका. ऋतू ओळखण्यासाठी त्यानं पक्षी, मुंग्या, झाडांचा मोहोर यांवर पिढ्यान्‌पिढ्या नजर ठेवली. निरीक्षण खरं होतं, अंदाजाला मर्यादा होती. मुलांना पावशाचा पहिला आवाज आणि पहिला पाऊस यांच्या तारखा वहीत लिहायला सांगा. चार-पाच वर्षांनी तीच सांगतील.

१२. पावशा तर सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो. असा पक्षी मुलांसमोर कशाला?

घालतो, खरं आहे. मुलांनी विचारलं तर तसंच सांगतो. पक्ष्यांना आपली नीती लावू नये, हाही एक धडाच आहे.

१३. म्हशीच्या ढेकरानं जग तापतं, असं ऐकून आमची पोरं गोठ्याकडं वाईट नजरेनं बघायला लागली. काय सांगू?

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिथेन तयार होतो आणि तो उष्णता जोरात शोषतो, हे खरं. पण तो हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा शेकडो वर्षं राहतो. आणि म्हशीच्या पोटातला कार्बन याच वर्षीच्या कडब्यातून आला. दगडी कोळसा आणि पेट्रोलमधला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला होता, आपण तो उकरून हवेत टाकतोय. सर्वांत मोठं कारण ते आहे.

दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या आईच्या लेकराला अपराधी वाटेल असं काहीही वर्गात बोलू नका. मला हे फार मनापासून सांगायचंय. त्याला विचारा, तुमच्याकडं गोबर गॅस आहे का? शेणातला मिथेन चुलीत जळला तर हवेत जात नाही, आणि सिलिंडरही वाचतो. उसाच्या पाचटाचंही तसंच. फडात पेटवण्यापेक्षा कुजवलं तर जमिनीचा कस वाढतो. हे बरेच शेतकरी आधीच करतात. त्यांच्याच मुलाला वर्गात सांगू द्या.

१४. घरातली मोठी माणसं म्हणतात, "पूर्वीही असंच होतं, बाहत्तरचा दुष्काळ आम्ही बघितलाय." मुलांनी कुणाचं खरं मानायचं?

दोघांचंही. १९७२ चा दुष्काळ भीषण होता, आणि दुष्काळ त्याआधीही पडत होते. हवामानबदल म्हणजे आधी कधीच न घडलेलं घडणं नव्हे. घडण्याचं प्रमाण आणि वेळ बदलणं हाही हवामानबदलच. जगाचं सरासरी तापमान मात्र नोंदींच्या काळात इतकं कधीच नव्हतं. २०२४ हे आजवरचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशानं जास्त.

तासगाव-पलूसकडच्या मुलांना आम्ही घरची द्राक्षबागेची वही आणायला सांगतो. खरड छाटणी, गोडी छाटणी, फवारण्या, फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी हा बुरशीचा रोग, सगळं तारखेनिशी लिहिलेलं असतं. अवकाळी कधी कधी आला ते मुलं त्यातून काढतात. एका बागेची वही म्हणजे जिल्ह्याचं हवामान नव्हे (प्रश्न ३), पण आजोबांच्या अक्षरातला आकडा मुलं विसरत नाहीत.

१५. ओझोनच्या थराला भोक पडल्यामुळं तापमान वाढतंय ना?

नाही, ते वेगळं प्रकरण आहे. ओझोन अतिनील किरण अडवतो. सध्याच्या तापमानवाढीचं मुख्य कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

१६. हा खेळ मोबाइलवर आला तर सगळ्यांनाच खेळता येईल. का करत नाही?

मागणी बरीच आहे. पण शिवाशिवीत पळून धाप लागते, पटावर झाकणांवरून भांडणं होतात, आणि शिकणं तिथंच होतं. मोबाइलचा उपयोग आम्ही हवामान खात्याचा अंदाज आणि पावसाचे आकडे बघायला करतो.

१७. आमची नदी माणगंगा, तिला बरेच महिने पाणीच नसतं. तिथं निळी साडी काय कामाची?

वाळूच्या रंगाची साडी घ्या. येरळा, अग्रणीलाही तीच. धरणाऐवजी एक विहीर मांडा, आणि दोन संघांना मिळून तीच एक. फाशावर कोरडा, हलका आणि मध्यम प्रत्येकी दोनदा. सुरुवातीला विहिरीत आठ झाकणं, प्रत्येक संघाला पाळीला निदान एक काढावंच लागतं, जास्त काढलं तर ऊस लावल्याचे वाढीव गुण.

विहिरीवर एक फडकं टाका. हात आत घालून झाकण काढायचं, खाली किती उरलीत ते कुणालाही बघायचं नाही. पाऊस पडला की शिक्षकांनी फडक्याखालून भर घालायची, आकडा न सांगता. चौथ्या-पाचव्या पाळीला एखाद्याचा हात रिकामा बाहेर येतो आणि दोन्ही संघ एकमेकांकडं बघतात. तिथं खेळ थांबवा, पावशाला पुढं करा, आणि फडकं किती पाळ्यांनी उचलून बघायचं याचा नियम मुलांनाच ठरवू द्या.